कॅरॅव्हॅन ओढताना आणि ट्रॅकवर जाताना गाडीची उंची

मेलबर्नमध्ये ओळखीच्या कुणी एअर सस्पेन्शनची, म्हणजे हवेच्या फुग्यांवर वर-खाली होणारी, फोर व्हील ड्राइव्ह घेतली, की पंधरा दिवसांत मला फोन येतो. "ताई, कॅरॅव्हॅन जोडल्यावर गाडी वर घ्यायची का खाली?" (कॅरॅव्हॅन म्हणजे गाडीमागं ओढायचं चाकांवरचं घर.) मी सांगते, मधल्या, नॉर्मल उंचीवर ठेवा आणि बटणाला हात लावू नका. पलीकडून "बास, एवढंच?" असं येतं. खरं तर त्यापुढचंच सगळं महत्त्वाचं आहे, आणि ते फोनवर सांगून होत नाही. म्हणून एकदा बैठक मारून लिहून काढते.

आमची गाडी २०१२ ची लँड रोव्हर डिस्कव्हरी ४, डिझेल. इथले लोक तिला लाडानं डिस्को म्हणतात. तिच्यामागं आम्ही दोन ॲक्सलची, म्हणजे चाकांच्या दोन जोड्यांची, सतरा फुटी कॅरॅव्हॅन ओढतो. खाली दिलेले आकडे या गाडीचे आहेत. जीप ग्रँड चेरोकीच्या आधीच्या पिढीत वर जायच्या दोन पायऱ्या होत्या, ३३ आणि ६५ मिलिमीटरच्या. नवी डिफेंडर ऑफ-रोडला ७५ मिलिमीटर वर जाते. आधीच्या पिढीतल्या प्राडोच्या काही वरच्या मॉडेलांत फक्त मागच्या चाकांनाच हवा असायची. तेव्हा तुमच्या गाडीचे आकडे तुमच्या पुस्तिकेतून घ्या, रीत मात्र हीच ठेवा.

आधी बटणाची ओळख

लोखंडी स्प्रिंगच्या जागी चारही चाकांशी हवा भरलेले रबरी फुगे आहेत. प्रत्येक चाकापाशी उंची मोजणारा एक सेन्सर, गाडीखाली एक काँप्रेसर, एक हवेची टाकी, आणि कुठल्या फुग्यात हवा सोडायची ते ठरवणारे व्हॉल्व्ह. गिअरच्या मागं वर-खाली बाण असलेलं बटण आहे. त्याच्या तीन उंच्या आहेत. मधली नॉर्मल. तिच्या ५० मिलिमीटर खाली ॲक्सेस, म्हणजे चढायला-उतरायला सोपं जावं म्हणून. आणि नॉर्मलच्या ५५ मिलिमीटर वर ऑफ-रोड. गाडीच्या पोटाखाली नॉर्मलला १८५ मिलिमीटर जागा असते, ऑफ-रोडला २४०. चार बोटांपेक्षा थोडा कमीच फरक, पण दगडावर तो पुरेसा होतो.

वर घ्यायचं तर इंजिन चालू हवं आणि दारं बंद हवीत. दार उघडलं की गाडी आहे तिथंच थांबते. लहान मुलं असलेल्या घरात ही गोष्ट हमखास घडते आणि आईबापांना वाटतं सस्पेन्शन बिघडलं. बटणाजवळचा दिवा लुकलुकत असेपर्यंत गाडी हलवू नका, तो स्थिर झाला की निघा. टाकीत हवा असेल तर काही सेकंदांत काम होतं. टाकी रिकामी असेल तर काँप्रेसरला घरघर करत हवा बनवावी लागते, तेव्हा धीर धरा. गंमत म्हणून चार-पाच वेळा लागोपाठ वर-खाली करून दाखवलं की काँप्रेसर तापतो आणि थंड होईपर्यंत काम बंद ठेवतो. पाहुण्यांना दाखवायचंच असेल तर एकदाच दाखवा.

जोडताना

ॲक्सेस उंचीचा सगळ्यात छान उपयोग मला कॅरॅव्हॅन जोडताना होतो. कॅरॅव्हॅनच्या चाकांना ठोकळे लावायचे, तिचं कपलिंग, म्हणजे गाडीला जोडायचं तोंड, जॉकी व्हील (नाकाखालचं टेकूचं छोटं चाक) फिरवून थोडं वर घ्यायचं. गाडी ॲक्सेसवर उतरवायची आणि मागं घेत टो बॉल, म्हणजे गाडीच्या मागचा लोखंडी गोळा, बरोबर कपलिंगखाली आणायचा. मग हँडब्रेक, पार्क, आणि कपलिंगजवळ कुणाचाही हात नाही याची खात्री. माझा नवरा दोन पावलं मागं सरकून दोन्ही हात वर करून दाखवतो, त्याशिवाय मी बटण दाबत नाही. वरचा बाण दाबला की बॉल हळूहळू उचलला जातो आणि कपलिंगमध्ये खटकन बसतो. जॉकी व्हीलचं हँडल शंभर वेळा फिरवायची मेहनत वाचते.

त्यानंतर लॅच, म्हणजे कपलिंगची कडी, बसली का ते ओढून बघा. साखळ्या एकमेकींवरून आडव्या घ्या. प्लग लावा. जॉकी व्हील वर घ्या आणि काढून ठेवा. दारं लावून इंजिन मिनिटभर चालू ठेवा, म्हणजे मागं आलेल्या वजनाला पुरेल इतकी हवा भरून गाडी समतल होईल. आता पंधरा पावलं बाजूला जाऊन बघा. कॅरॅव्हॅनचा तळ जमिनीला समांतर दिसला पाहिजे. तिचं नाक वर किंवा खाली असेल तर ते बटणानं नीट करायचं नाही. टो बॉल ज्या लोखंडी पट्टीवर बसतो ती पट्टी बदलायची किंवा उलटी लावायची. एकदा नॉर्मल उंचीवर हे जमवलं की कायमचं जमलं.

जॉकी व्हील वर घ्यायला विसरू नका, याचं आणखी एक कारण आहे. ही गाडी बंद केल्यावरही काही तासांनी जागी होते, चारही कोपरे तपासते आणि जो कोपरा खाली असेल त्याच्या बरोबरीला बाकीचे आणते. मॅन्सफिल्डच्या एका कॅम्पिंगच्या जागी रात्री दोन वाजता तंबूशेजारी "फुस्स" असा आवाज आला. आमचा धाकटा दचकून उठला, साप म्हणून माझ्या अंगावर आला. गाडी आपली उंची जुळवत होती. कॅरॅव्हॅन जोडलेली आणि जॉकी व्हील खाली टेकलेलं असेल, तर अशा वेळी सगळा भार त्या बारक्या चाकावर येतो आणि ते वाकतं.

गाडी समतल दिसते, वजन कळत नाही

हा भाग दोनदा वाचा. साध्या स्प्रिंगच्या किंवा पाट्यांच्या गाडीत मागं जास्त वजन झालं की गाडी मागं बसते, पुढं नाक वर काढते, हेडलाइटचा झोत झाडांवर जातो. रस्त्यावरचा कुणीही सांगतो, अहो गाडी बसलीय. एअर सस्पेन्शनची गाडी हे दाखवतच नाही. बॉलवर ११० किलो असोत की ३००, ती हवा कमी-जास्त करून तशीच समतल उभी राहते. डोळ्यांना काहीच दिसत नाही.

आमच्या बाबतीत हेच झालं. साउथ ऑस्ट्रेलियातल्या रोबला पहिल्यांदा निघालो होतो. दोन सायकली कॅरॅव्हॅनच्या मागच्या कॅरियरवर, पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन कॅन मागच्या बंकखाली, अवजारांची पेटी त्याच्याही मागं. गाडी आणि कॅरॅव्हॅन एका रेषेत, अगदी जाहिरातीतल्यासारखी. वॉरनम्बूलच्या अलीकडं ताशी ९५ वर असताना एक मोठा ट्रक बाजूनं गेला आणि कॅरॅव्हॅनची शेपूट हलायला लागली. एक झोका, दुसरा त्याहून मोठा, तिसरा त्याहून. स्टेअरिंग हातात असून गाडी कुठं जाणार ते कॅरॅव्हॅन ठरवत होती. मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टेअरिंग सरळ धरलं, आणि नवऱ्यानं डॅशबोर्डखालच्या कंट्रोलरवरून फक्त कॅरॅव्हॅनचे इलेक्ट्रिक ब्रेक दाबले. ती मागून ताणली गेली आणि सरळ झाली. अशा वेळी गाडीचा ब्रेक जोरात मारू नका, कॅरॅव्हॅन मागून ढकलते आणि झोका वाढतो.

बाजूला थांबल्यावर माझे हात थरथरत होते, आणि डोक्यात एकच शब्द आला: उलार. कराडजवळच्या आमच्या गावात आबा बैलगाडीनं ऊस कारखान्याला घालायचे. मोळ्या रचताना ते सारखे पुढून-मागून बघायचे. ओझं मागं झालं की गाडी उलार होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. फार पुढं झालं तर बैलांच्या मानेवर येतं. गाडी धुरेला थोडीशी जड हवी, पण थोडीशीच. कॅरॅव्हॅनचं गणित तंतोतंत हेच आहे. इथं साधारण नियम धरतात की कॅरॅव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार बॉलवर यावा. आमची भरलेली कॅरॅव्हॅन २,२६० किलोची होती. रोबला पोचल्यावर बॉलचं वजन मोजायचा काटा विकत घेतला आणि मोजलं तर ११० किलो. पाच टक्केसुद्धा नाही. पाण्याचे कॅन आणि अवजारांची पेटी ॲक्सलच्या पुढं आणली, सायकली मागून काढून पुढच्या भागात बांधल्या. काटा २१० वर आला. परतताना तोच रस्ता, तसेच ट्रक, आणि कॅरॅव्हॅन मागून निमूट आली.

उलट बाजूही ध्यानात घ्या. बॉलवरचं वजन गाडीच्या शेपटाला लोंबतं, त्यामुळं तरफेसारखं पुढच्या चाकांवरचं वजन उचललं जातं. आमच्या गाडीत मागच्या ॲक्सलपासून बॉल १२० सेंटिमीटरवर आहे, मी टेपनं मोजलंय. दोन्ही ॲक्सलमधलं अंतर २८८.५ सेंटिमीटर. म्हणजे बॉलवर २०० किलो ठेवले की मागच्या चाकांवर सुमारे २८३ किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरून ८३ किलो जातात. स्टेअरिंग हलकं लागतं ते यामुळं. हवेचे फुगे बॉडीची उंची परत आणतात, पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन परत आणत नाहीत. म्हणून लांबच्या सफरीआधी वजनकाट्यावर जा. पुढची चाकं, मागची चाकं, कॅरॅव्हॅन, तिन्ही वेगवेगळी तोला आणि दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेल्या मर्यादांशी ताडून बघा. ही गाडी ३,५०० किलो ओढू शकते, पण त्याच वेळी गाडीत सात माणसं, डिकीत फ्रिज आणि छतावर तंबू चालेल असा त्याचा अर्थ नाही.

वजन पुढं ढकलणाऱ्या लोखंडी दांड्यांची हिच (गाडी-कॅरॅव्हॅनचा जोड) लावू का, असंही विचारतात. दांड्या मागची बाजू उचलायला बघतात, सेन्सरला वाटतं गाडी वर गेली, मग तो हवा सोडतो. दोघांची रस्सीखेच चालते. पुस्तिकेत स्पष्ट परवानगी नसेल तर लावू नका. मी लावलेली नाही.

हायवेला ऑफ-रोड उंचीवर कॅरॅव्हॅन ओढायचा विचार मनातून काढून टाका. कॅरॅव्हॅनचं नाक वर जातं, तिच्या मागच्या ॲक्सलवर जास्त भार येतो आणि ती स्थिर चालत नाही. तसंही ताशी ५० किलोमीटरच्या आसपास गाडी आपणहून नॉर्मलवर येते.

ट्रॅकवर

कॅरॅव्हॅन मॅन्सफिल्डला ठेवून आम्ही माउंट स्टर्लिंगवर क्रेग्ज हटला जातो. डोंगरावरची ही लाकडी झोपडी मुळात सिनेमाच्या सेटसाठी बांधली होती. २००६ च्या वणव्यात जळाली आणि पुन्हा उभी केली. तिथं जाणारे ट्रॅक, म्हणजे कच्च्या डोंगरवाटा, हिवाळ्यात, जूनपासून ऑक्टोबरअखेर, बंद असतात, तारखा बघून निघा.

या ट्रॅकांवर पावसाचं पाणी वळवायला मातीचे आडवे बांध घातलेले असतात. चढताना पुढची चाकं बांधावरून पलीकडं उतरतात आणि पोट माथ्यावर टेकतं. बांध दिसल्यावर बटण दाबून उपयोग नसतो. डांबरी संपली की सपाट जागी थांबा, टायरची हवा कमी करा, लो रेंज (हळू पण जास्त जोरानं चालवणारे गिअर) टाका, ऑफ-रोड उंची घ्या, दिवा स्थिर होऊ द्या, मग पुढं जा. आमच्या गाडीत टेरेन रिस्पॉन्सची, म्हणजे जमिनीप्रमाणे गाडीचं वागणं बदलणारी, गोल कळ चिखल-चाकोरीवर किंवा दगडांवर फिरवली की गाडी स्वतःच वर जाते.

वर घेतल्यावर गाडी धक्के जास्त देते, हे बिघाडाचं लक्षण नाही. चाक आधीच बॉडीपासून लांब गेलेलं असतं, त्यामुळं खड्ड्यात आणखी खाली जायला त्याला जागा कमी उरते. चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टचे सांधेही जास्त तिरके चालतात. म्हणून अडथळा संपला आणि नुसती खडी लागली की मी लगेच नॉर्मलवर येते. दिवसभर वर ठेवून हिंडणं सांध्यांना मानवत नाही.

एक गोष्ट जुन्या जीपवर शिकलेल्यांना वेगळी वाटते. तिथं सलग ॲक्सल असतो. चाक दगडावर घातलं की डिफरन्शियलही (दोन चाकांना ताकद वाटून देणारा मधला गिअरचा गोळा) त्याच्याबरोबर वर येतं. आमच्या गाडीची चारही चाकं स्वतंत्र आहेत आणि डिफरन्शियल बॉडीला बांधलेलं. त्यामुळं बटण दाबलं की डिफरन्शियलसकट सगळं पोट उचललं जातं, हा फायदा. पण एक चाक दगडावर चढलं म्हणून पोट तेवढं वर येत नाही. तेव्हा पुढं उतरून कुणीतरी बघायला हवं. आमच्याकडं ते काम मोठ्या मुलीकडं आहे, ती बोटांनी दाखवते तेवढंच स्टेअरिंग मी फिरवते.

आणि टेकलीच तर? घाबरून ॲक्सिलरेटर दाबू नका. ऑफ-रोड उंचीवर गाडी पोटावर बसली आणि चाकांवरचा भार कमी झाला, की सिस्टिमला ते कळतं आणि ती काही सेकंदांत आपणहून आणखी थोडी उचलते. तेवढ्यानं सुटली नाही तर ब्रेकवर पाय ठेवून वरचा बाण तीन सेकंदांहून जास्त दाबून धरा, अजून थोडी उंची मिळते. ही उंची फक्त सुटण्यासाठी आहे. हळूच बाहेर या.

ओढा पार करायचा असेल तर आधी चालत जाऊन काठीनं खोली बघा. या गाडीची मर्यादा ७०० मिलिमीटर आहे, आणि उंची काठावरच घ्यायची.

वाळूत मात्र उंचीपेक्षा टायर महत्त्वाचे. रोबच्या किनाऱ्यावर मी टायरची हवा १८ पीएसआयवर आणते. वाळूचा प्रोग्राम लावते. खोल चाकोऱ्या असतील तिथंच ऑफ-रोड उंची घेते, कारण दोन चाकोऱ्यांमधला वाळूचा उंचवटा पोटाला घासून गाडी अडवतो. ओल्या सपाट वाळूवर वेग वाढला की ती खाली येणारच आहे, त्याआधी आपणच नॉर्मलवर आणलेली बरी. टायर पुन्हा भरायला वेगळा काँप्रेसर ठेवा.

कॅरॅव्हॅनसकट कच्च्या रस्त्याला लागलात आणि एखादा चर आडवा आलाच, तर तेवढ्यापुरती गाडी वर घ्या, चालण्याच्या वेगानं पार करा, आणि पलीकडं थांबून खाली घ्या. तेव्हा कॅरॅव्हॅनचं शेपूट मागं जमिनीला लागत नाही ना ते दुसऱ्याला बघायला सांगा.

निगराणी

गाडीखाली जायचं असेल तर हवेवर विश्वास ठेवून कधीही जाऊ नका. खाली मजबूत स्टँड लावा, मगच डोकं आत घाला. फुगा किंवा नळी सुटली तर गाडी एका क्षणात खाली बसते.

सेन्सरच्या जोडदांड्या आखूड लावून गाडी कायमची उंच करणारे लोक भेटतात. गाडीला वाटतं आपण नॉर्मलवर आहोत आणि ती हायवेला ११० च्या वेगानंही उंचच धावते. मागं सव्वादोन टन ओढत असाल तर हे करू नका, माझी कळकळीची विनंती आहे.

दर महिन्याला मी सपाट फरशीवर गाडी नॉर्मलवर उभी करते आणि चारही बाजूंना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं मोजते. जमिनीपासून मोजायचं नाही, टायरची झीज आणि हवा यांनी आकडा फसतो. डावं-उजवं जवळपास सारखं हवं. संध्याकाळी मोजायचं, सकाळी गाडी सुरू करण्याआधी पुन्हा मोजायचं. गाडी रात्री उंची जुळवत असली तरी एकच कोपरा रोज सकाळी खाली दिसला की तिथं हवा गळतेय, आणि ती गळती भरून काढायला काँप्रेसर दिवसभर राबतोय. असं दुर्लक्ष केलं की आधी फुगा जातो, मागोमाग काँप्रेसर.

कालच्या मोजणीत पुढचा डावा कोपरा रात्रीत नऊ मिलिमीटर उतरलेला निघाला. शनिवारी चाक काढून नळीच्या जोडावर साबणाचं पाणी मारणार आहे, बुडबुडे कुठून येतात ते बघायला.